मातीची भीती

नवरा गेला त्या सकाळी तो ऑफिसला निघाला होता. खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच वाकून राहिला. मी ओट्यापाशी डबा भरत होते. "उशीर होतोय हां," असं आतूनच म्हणाले. उत्तर आलं नाही तेव्हा बाहेर आले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर अनवाणीच वर आले. त्यांनी मानेपाशी बोटं ठेवली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा तुम्ही जरा." मी बसले नाही. आत गेले, डब्याचं झाकण लावलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. भाजी घेवड्याची होती. हे सगळं मला लख्ख आठवतं, पण त्या वेळी काय वाटलं ते आठवत नाही. बहुतेक काही वाटलंच नसावं.

दादरला चर्चच्या मागच्या गल्लीत आमची जागा आहे. तिथे आम्ही तिघं राहायचो. तो, मी आणि त्याची आई. आम्हाला मूल नाही. सासूबाईंना मी त्याच्यासारखीच मम्मी म्हणते. ऐंशी उलटलेली, लहान चणीची, तिखट कानांची बाई. सासरचे मूळचे मुंबईचेच कॅथलिक, घरात मराठीच बोलणारे. मी परळच्या चाळीतली, बौद्ध घरातली. लग्न चर्चमध्ये झालं, पण मी बाप्तिस्मा घेतला नाही. त्याने कधी मागितला नाही. मम्मींनी एकदा विचारलं, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात. मी नको म्हटलं, त्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांचं ऑल्टर, म्हणजे येशूचं देवघर, बाहेरच्या खोलीत, माझी बुद्धमूर्ती आतल्या कपाटावर. इतक्या वर्षांत दोन्हीकडची धूळ मीच पुसत आले.

घर भरायला वेळ लागला नाही. परळहून माझा भाऊ आला. शेजारणी आल्या. कोणीतरी काचेची थंड पेटी मागवली आणि त्याला तिच्यात ठेवलं. पेटीची मोटर फ्रिजसारखी घरघरत होती. मग अंडरटेकरकडचा माणूस आला. त्याने हळू आवाजात मला विचारलं, "मॅडम, कबर कुठली? फॅमिलीची आहे, का टेंपररी?"

"कबर नको," मी म्हणाले. "जाळायचंय."

मम्मी ऑल्टरखाली स्टुलावर बसून माळ जपत होत्या. त्यांची बोटं थांबली.

"कोणाला जाळायचंय?"

"त्याला, मम्मी. त्याचीच इच्छा होती."

"माझा पोरगा असं बोलणार नाय."

"मला बोलला होता."

त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्यात जाळतात, बाय. आमच्यात नाय जाळत."

'तुमच्यात' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच वापरला. भावाने माझ्याकडे पाहिलं. मला लागायला हवं होतं, पण लागलं नाही. दाताला भूल दिलेली असताना ओठाला चावा बसावा आणि नुसतं कळावं की काहीतरी झालं, तसं झालं. भाऊ त्या माणसाला घेऊन गॅलरीत गेला.

मम्मींच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. रोज संध्याकाळी त्या विश्वासांगीकाराची प्रार्थना म्हणतात, त्यात देहाच्या पुनरुत्थानाचे शब्द येतात, आणि त्यांच्यासाठी ते नुसते शब्द नाहीत. एकदा पापलेट साफ करता करता त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, कबरी उघडतील, माणसं आपापल्या शरीरानिशी उठून बसतील. आत्मा वगैरे वेगळा, पण अंगही परत मिळणार. "हेच हात," त्या म्हणाल्या होत्या, आणि खवलं लागलेले हात वर करून दाखवले होते. "फक्त सांधे दुखायचे नाहीत." मी तेव्हा हसले होते. आमच्याकडे माणूस गेला की गेला. जे जमून आलं होतं ते सुटं झालं, असं माझी आई म्हणायची. मला दोन्हींपैकी कशाचीच कधी खात्री वाटली नाही, आणि तशी गरजही पडली नव्हती.

दुपारी फादर आले. वसईकडचे, पन्नाशीतले, बोलायला साधे. पेटीपाशी प्रार्थना केली, मम्मींच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी काही बोलायच्या आत मम्मींनीच त्यांना सांगितलं की सून जाळायचं म्हणते.

"आंटी, चर्चला चालतं," फादर म्हणाले. "खूप वर्षं झाली परवानगी देऊन. पुरलेलं बरं, असं चर्च म्हणतं, पण जाळलं तर ते पाप नाही. फक्त पुनरुत्थानच मानत नाही म्हणून कोणी जाळून घेत असेल, तर ते चालत नाही." मग माझ्याकडे वळले. "त्याचं तसं काही नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "दर रविवारी मिस्साला जायचा. तुम्हाला माहीतच आहे."

"मग झालं. मिस्सा आपण पेटी समोर ठेवूनच करू. नंतर न्या. राख मात्र समुद्रात सोडायची नाही, घरात ठेवायची नाही, थोडी इथे थोडी तिथे करायची नाही. आशीर्वाद दिलेल्या जागेत एकत्र ठेवायची. कबरीला जो मान, तोच राखेला."

"आणि शेवटच्या दिवशी?" मम्मींनी विचारलं.

"शेवटच्या दिवशी काय, आंटी? किती संतांना जाळून मारलं. आपल्या कोळीवाड्यातली किती माणसं समुद्रात गेली, परत मिळालीच नाहीत. त्यांना काय देव विसरणार? ज्याने मातीतून माणूस केला, त्याला राख काय आणि माती काय."

"देवाला येईल फादर, देवाला मी कुठे काय बोलते," मम्मी म्हणाल्या. त्या पेटीकडे बघत होत्या. "पण मी कशी ओळखणार?"

फादर त्यांच्याकडे वाकले. मग म्हणाले, "प्रभू येशू कबरीतून उठला त्या सकाळी बागेत एक बाई रडत उभी होती. तिने त्याला समोर बघितलं आणि तिला वाटलं, माळी आहे. चेहऱ्यावरून नाहीच ओळखलं तिने. त्याने नावाने हाक मारली, तेव्हा ओळखलं. तुम्हालाही हाकेवरून कळेल."

मम्मींनी यावर विचार केला. "तो मला मम्मीच म्हणायचा," त्या म्हणाल्या. "तिथे सगळ्यांचीच पोरं मम्मी म्हणत असतील."

फादरनी चहा संपवला. निघताना दारात मला म्हणाले, "चर्चची अडचण नाही. पण आईचं मन मोडून करू नका. दोघी मिळून ठरवा आणि मला संध्याकाळपर्यंत कळवा."

आता त्याने मला जाळायला का सांगितलं होतं, ते सांगायला हवं.

माझे सासरे शिंपी होते. दादर स्टेशनजवळ त्यांचं लहानसं दुकान होतं, सूट शिवण्यात हात चांगला. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी ते गेले. त्यांना त्यांनी स्वतःच शिवलेला टेरिकॉटचा सूट घालून पुरलं. या कापडाला मरण नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मुंबईत कबरीला जागा कमी. कायमची कबर फार थोड्या घरांची असते. बाकीच्यांची काही वर्षांनी उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्या जागेत दुसरं माणूस येतं. त्या कोनाड्याला निश म्हणतात. कबर उघडायच्या वेळी घरचं कोणी हजर असावं लागतं. सासऱ्यांची वेळ आली तेव्हा नवरा सिमेटरीत गेला. मम्मी म्हणाल्या होत्या, "मी येते," पण त्यानेच नको म्हटलं.

तो परत आला तो थेट बाथरूममध्ये गेला. बाहेरच येईना. नंतर मम्मींना म्हणाला, "अजून वेळ आहे म्हणाले. परत बंद केली." मम्मींनी मान डोलावली. संध्याकाळी आम्ही दोघं चौपाटीवर जाऊन बसलो, तिथे त्याने मला सांगितलं. हाडं नव्हतीच. डॅडी तसेच होते. सूटही तसाच होता, बटणं लावलेली. चेहरा काळा पडलेला, आत गेलेला, पण डॅडींचाच. तिथल्या माणसाने त्याला समजावलं की असं बऱ्याचदा होतं. जमिनीत पाणी असतं, आणि हल्लीचे कपडे, मोजे, पेटीतलं प्लास्टिक, काही कुजत नाही, मग आतलं माणूसही राहतं. त्याला ते कारण पटलं, पण डोळ्यांसमोरून ते जाईना. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडली तेव्हा त्याने चुलतभावाला पाठवलं. त्या वेळी हाडं मिळाली आणि निशमध्ये गेली.

"मला मातीत ठेवू नकोस," चौपाटीवर तो म्हणाला होता. "जाळून टाक. आणि मम्मीला हे कधी सांगू नकोस." त्या दिवशी मी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं. त्या दोन्ही एकत्र निभावता येणार नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

फादर गेल्यावर शेजारणी जेवायला आपापल्या घरी गेल्या. भाऊ खाली उभा होता. घरात आम्ही दोघी आणि पेटीतला तो. मम्मी म्हणाल्या, "खरं सांग. तो असं का बोलला?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. काही गाळलं नाही, फक्त कपड्याचं आणि प्लास्टिकचं कारण तेवढं राहिलं. मुद्दाम नाही. मी कबर उघडल्यापर्यंत आले आणि डॅडी तसेच होते म्हणाले, तिथेच मम्मींनी माझा हात धरला. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय.

"चेहरा?" त्यांनी विचारलं.

"ओळखू येत होता म्हणाला."

"हात?"

"सगळेच तसे होते, मम्मी."

त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला काही समजेना. दिवसभरात पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर उजेड होता.

"असं कोणाचं होतं, माहीत आहे तुला?" त्या म्हणाल्या. "संतांचं होतं. गोव्याला मोठ्या चर्चमध्ये संताचं शरीर ठेवलंय ना, लोक रांगा लावून बघायला जातात, तसं. म्हणजे तुझा सासरा देवाकडे जायला तयारच होता गो. मी उगाच घाबरायची त्याच्यासाठी. किती भांडायचा, किती शिव्या द्यायचा कारागिरांना."

 माझ्या नवऱ्याची ज्या गोष्टीने झोप गेली, तीच त्याच्या आईला मिळालेली सगळ्यात चांगली बातमी होती. टेरिकॉटबद्दल मी तेव्हा बोलले नाही आणि नंतरही कधी बोलले नाही.

मग मम्मी म्हणाल्या, "तर याला पण मातीतच ठेव. बापासारखा राहील."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.  पेटीची मोटर बंद झाली, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

"मम्मी, त्याला तसं वाटलं नाही," मी म्हणाले. "तो घाबरला होता. त्यानंतर खूप दिवस तो दिवा लावून झोपायचा."

"वाचत बसायचा ना."

"वाचत नव्हता. अंधारात त्याला ते दिसायचं."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा उजेड लगेच गेला नाही, पण हळूहळू कमी झाला.

"मला का नाय सांगितलं?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"लहानपणी कुठे पडला, लागलं, कोणी मारलं, तर पहिला माझ्याकडे यायचा," त्या म्हणाल्या. "बापाकडे नाय जायचा."

त्या उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. पेटीपाशी गेल्या आणि काचेवर हात ठेवला, जिथे आत त्याचा खांदा होता. काच धुरकटली होती. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. काहीतरी पुटपुटत होत्या. ती प्रार्थना होती की त्याच्याशी बोलणं, ते मला कळलं नाही.

"घाबरत असेल तर नको ठेवूस मातीत," शेवटी म्हणाल्या. "फादरला फोन कर. देवाला मी सांगते, समजून घे म्हणून."

मिस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. मम्मींना त्याला सूट घालायचा होता, मी सुती शर्ट-पँट काढली, त्यांनी हट्ट केला नाही. चर्चमध्ये त्याच्या ऑफिसचे लोक आले होते, माझ्या माहेरचे एका बाजूच्या बाकांवर बसले होते, कधी उठायचं कधी बसायचं ते पुढच्यांकडे बघून करत होते. फादरनी अंडरटेकरने आणलेल्या लाकडी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. गाणी झाली. मला सगळं दिसत होतं, पण काचेपलीकडून. कोणी मिठी मारली की मी त्यांची पाठ थोपटत होते.

मम्मींनी स्मशानात येऊ नये, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. त्या आल्या. गाडीत माझ्या आणि भावाच्या मध्ये बसल्या. विद्युतदाहिनीत लाकडी पेटी जात नाही, म्हणून त्याला पेटीतून उचलून लोखंडी ट्रॉलीवर ठेवलं. तिथल्या माणसाने धातूचं काही आहे का विचारलं. अंगठी मी आधीच काढली होती. हातातली माळ लाकडाची होती, ती राहू दिली. फादरनी शेवटची प्रार्थना म्हटली. मग भाऊ माझ्या कानाशी आला. "ताई, आम्ही त्रिशरण म्हणू का? हळूच म्हणतो."

 मी फादरकडे पाहिलं. फादर दुसरीकडे बघत होते. मम्मींना ऐकू गेलं होतं.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीचा नवरा होता तो."

माझ्या माहेरच्या पाच-सहा माणसांनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हटलं. मी त्यांच्यात नव्हते आणि मम्मींजवळच्या बायकांमध्येही नव्हते. मी ट्रॉलीजवळ उभी होते. दार वर गेलं, ट्रॉली आत गेली, दार खाली आलं. गरम हवेचा एक झोत पायांना लागला. मम्मींनी डोळे मिटले नाहीत. बंद दाराकडे बघत त्या तेवढंच म्हणाल्या, "आत उजेड आहे."

राख घ्यायला मी आणि भाऊ गेलो. माणसाने ट्रेवरून ती ब्रशने ओढून गोळा केली. पांढरे तुकडे होते, काही बोटाएवढे. मी विचारलं, "सगळी आली का?" तो म्हणाला, "थोडी राहतेच, ताई. ट्रेला चिकटते." अंडरटेकरने दिलेल्या छोट्या लाकडी पेटीत आम्ही ती भरली. मांडीवर पेटी घेऊन मी टॅक्सीत बसले. भाऊ म्हणाला, "आपल्याकडे असतं तर चौपाटीवर सोडून मोकळे झालो असतो." मी म्हटलं, "हो." मोकळं होणं म्हणजे काय, याचा मी थोडा वेळ विचार केला.

फादरनी सांगितलं होतं की राख घरी न्यायची नाही, सरळ सिमेटरीतच आणायची. मम्मी तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. सासऱ्यांच्या निशची संगमरवरी फरशी काढून ठेवली होती. आत हाडांचं एक लहान गाठोडं होतं, शेजारी जागा होती. मम्मींनी पेटी हातात घेतली, जरा हलवून पाहिली.

"सगळं दिलं ना त्यांनी?"

"सगळं," मी म्हणाले.

"बघून घेतलंस ना?"

"घेतलं, मम्मी."

त्यांनी पेटी फादरकडे दिली. फादरनी ती आत ठेवली, आशीर्वाद दिला, गवंड्याने फरशी बसवली. सिमेंटचा ओघळ नवऱ्याच्या बापाच्या नावावरून खाली आला, तो मी रुमालाने पुसला.

थोड्याच दिवसांत मी माझ्या ऑफिसला परत जाऊ लागले. लोकांना वाटलं, धीराची बाई आहे. तसं नव्हतं. घरात असलं काय आणि ऑफिसमध्ये असलं काय, सारखंच होतं. स्वयंपाकात मीठ दोनदा पडायचं, मम्मी काही न बोलता खायच्या. त्या मात्र सासऱ्यांबद्दल वेगळंच बोलायला लागल्या होत्या. चर्चमधल्या बायकांना सांगायच्या, "आमच्या ह्यांचं शरीर तसंच निघालं होतं." बायका मान डोलवायच्या. त्यांच्यातल्या दोघीतिघींनी माझ्याकडे येऊन खरं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, खरं आहे. खरंच होतं ते.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो. त्या दिवशी सिमेटरीत सगळीकडे झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या असतात. मी मम्मींना घेऊन गेले. निशसमोर मेणबत्ती लावली. वारा होता, ती दोनदा विझली, मग मी हाताचा आडोसा धरून उभी राहिले. मम्मी खुर्चीवर बसल्या होत्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"यात माझी जागा होईल," त्या म्हणाल्या. "मला मात्र आधी मातीतच ठेव. मी नाय घाबरत."

"ठेवीन."

"आणि तू?"

"मी काय?"

"तुला कुठे ठेवणार? तुला इथे घेणार नाय."

"मला जाळतील, मम्मी. मग भाऊ नाहीतर त्याची मुलं समुद्रात सोडतील."

"मग शेवटच्या दिवशी तू कुठून उठणार?"

"आमच्यात उठत नाहीत."

 बाजूच्या कुटुंबाने मोठ्याने गाणं सुरू केलं होतं. मेणबत्तीचं मेण माझ्या बोटावर पडलं आणि चटका बसला.

"असं कसं चालेल," मम्मी म्हणाल्या. "तो उठला की पहिलं विचारेल, ती कुठाय म्हणून. मी काय सांगू?"

 मी मेणबत्तीवरचा हात काढला नाही. त्या काठी टेकून उठल्या, म्हणाल्या, "फादरला विचारते मी," आणि गर्दीतून वाट काढत खरंच फादरकडे निघाल्या. फादरभोवती खूप माणसं होती. मी लांबून बघत होते. मम्मी बोलत होत्या, फादर वाकून ऐकत होते, मग त्यांनी मम्मींच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले.

घरी जाताना मी विचारलं, "काय म्हणाले फादर?"

"म्हणाले, देवावर सोडा," मम्मी म्हणाल्या. "ते काय, सगळंच सोडायला सांगतात." मग त्यांनी रस्ता ओलांडण्यासाठी माझा हात धरला.